चार दिवसांचा वळ

मेणबाईचं उजवं मनगट डाव्यापेक्षा बोटभर जाड होतं. बावीस वर्षं एकच चाक फिरवलं की असं होतं. लोखंडी चाक, त्याला लाकडी मूठ. मूठ फिरली की मेणाची वडी खालीवर होते आणि समोर बसवलेल्या सुरीवरून घासत जाते. दर फेऱ्याला वडीचा एक पापुद्रा निघतो, इतका पातळ की एका केसाच्या जाडीत तसले दहा-बारा सहज बसावेत. त्या पापुद्र्यात माणूस असतो. कुणाचं काळीज, कुणाच्या फुप्फुसाची कड, कुणाच्या पाठीचं मांस. मेणात रुतवलेला तो तुकडा कापायचा, पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचपट्टीवर उचलायचा, रंगवायचा आणि भिंगाखाली ठेवायला डॉक्टरकडे द्यायचा, हे तिचं काम. दवाखान्याच्या तळघरात, शवागाराच्या भिंतीला भिंत लावून तिची खोली होती. वरच्या मजल्यावरच्यांना ती खोली आहे हेच ठाऊक नसे, आणि ज्यांना ठाऊक होतं ते नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलत.

तिला त्याचं काही वाटत नसे. ती इथे आली तीच मुळी फरशी पुसायला.

तेव्हा चाकावर एक म्हातारा होता. कमरेत वाकलेला, तोंडाचा फटकळ. एकदा ती फडकं पिळायला म्हणून बाह्या वर करते, तर म्हातारा चाक थांबवून तिच्या दंडाकडे बघत राहिला.

"हा चार दिवसांचा," तो म्हणाला. "आणि हा खालचा कालचा."

तिनं बाही झटकन खाली ओढली. "जिन्यावरून पडले मी."

"चार दिवसांनी परत? मोठा इमानदार जिना आहे की तुमचा."

ती संतापली, बादली आपटली. म्हातारा हसला नाही की ओशाळला नाही. "ये इकडे," म्हणाला. "शाळा झाली नाही म्हणजे डोळे गेले असं नाही. बघ यातून."

तिनं भिंगाला डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग गुलाबी मैदान, त्यात जांभळे ठिपके, एकाला एक चिकटून.

"फरशी बसवलीय जणू."

"फरशीच. फक्त एकेक तुकडा जिवंत होता."

पुढची दोन वर्षं म्हाताऱ्यानं डबा खाता खाता तिला जे शिकवलं ते पैसे मोजून मिळालं नसतं. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पटल. ते भिंतीसारखं मुकं नसतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातून हाकलायचं ते त्याला कळतं. आत दाट रस आणि त्यात कामाची नुसती झुंबड. कुठे माल बनतोय, कुठे बांधून बाहेर चाललाय, कुठे मोडकंतोडकं गिळून टाकलं जातंय. शेकडो बारक्या भट्ट्या. खाल्लेलं तिथे जळतं आणि जोर निघतो. भट्ट्या विझल्या की पेशी संपली. आणि बहुतेकींच्या आत तो जांभळा ठिपका, केंद्रक.

वरच्या मजल्यावर शिकायला येणाऱ्यांना त्यांचे सर सांगत, पेशी म्हणजे कारखाना आणि केंद्रक म्हणजे त्याचा मालक. हे ऐकलं की मेणबाईचं डोकं तडकायचं.

"मालक कसला डोंबलाचा? ती नुसती वही आहे. काय बनवायचं ते तिच्यात लिहिलंय, बनवणारे बाहेर राबतायत. आणि रक्तातली लाल पेशी बघा. ती तर वहीच फेकून देते आणि चार महिने ओझी वाहून मरते. मालक म्हणे!"

पण तिच्या मनात खोल घुसलं ते वेगळंच. मार बसला की आत काय होतं, ते. बारीक नळ्या फुटतात, लाल पेशी मांसाच्या धाग्यांमध्ये सांडतात. बातमी पसरते. काही तासांत पांढऱ्या पेशी नळ्यांच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, धावून येतात, लढून तिथेच मरतात. त्यांच्यामागून थोराड पेशी येतात, खादाड, शांत. त्या सांडलेलं रक्त गिळतात, पचवतात. फक्त रक्तातलं लोखंड उरतं, ते पोटात साठवून बसतात. ते साठायला दोन-तीन दिवस लागतात. आणि त्या लोखंडावर एक खास रंग टाकला की ते निळं होतं. गडद, शाईसारखं.

"मेलेल्याला काठीनं फोडून काढ," म्हातारा सांगायचा, "हाड मोडेल, कातडी फाटेल. पण धावून कोण येणार? कुणीच नाही. धावून आलेलं दिसलं, की समजायचं माणूस जिवंत होता. निळं दिसलं, की समजायचं मार खाऊन पुढे दिवसच्या दिवस जिवंत होता."

ते ऐकलं त्या संध्याकाळी ती घरी गेली. नवऱ्यानं हात उगारला. ती दारामागे सरकली आणि दार लोटलं. दाराच्या फटीत त्याची बोटं आली की आणली, हे तिचं तिलाच माहीत. चार बोटं मोडली. तो फरशीवर लोळत बोंबलत होता तेव्हा तिनं एका पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि बाहेर पडली. पुन्हा त्या जिन्यानं ती कधी पडली नाही.

म्हातारा गेला आणि चाक तिच्याकडे आलं. तेव्हापासून तिनं एक रीत पाळली, कुणाला न विचारता. शवागारातून मार लागलेला देह आला, की डॉक्टरनं सांगितलेल्या पट्ट्या करायच्याच. वर एक जादा पापुद्रा काढायचा आणि त्याला लोखंडाचा रंग द्यायचा. बहुतेक वेळा कुणी बघायचं नाही. ती बघायची.

*

बॉयलरवाला शुक्रवारी मेला. शनिवारी त्याची चिरफाड झाली आणि पाठीच्या, मांड्यांच्या मांसाचे सहा तुकडे मेणबाईच्या बरण्यांत आले.

कारखान्याचं म्हणणं कागदावर आलेलं होतं, टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. हा कामगार आठवडाभर कामावर हजर व ठणठणीत होता. कामाचा ताण असल्यानं सोमवारपासून चारही दिवस कारखान्यातच मुक्कामाला होता. सोबत हजेरीची नक्कल, रोजचा अंगठा. शुक्रवारी सकाळी लोखंडी जिन्यावरून पाय घसरून पडला.

"जिना," मेणबाई वाचून एवढंच म्हणाली आणि थुंकली.

खरं काय होतं ते त्याची बायको सांगत होती. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती आणि शनिवारपासून तळघरातल्या बाकावर ठाण मांडून बसली होती. सोमवारी बॉयलरची झडप अडकली. नवरा म्हणाला, ही सुधारल्याशिवाय मी आग घालणार नाही, फुटला तर चाळीस माणसं उकडून निघतील. बाकीचेही त्याच्यामागे उभे राहिले. दुपारी त्याला 'बोलायला' म्हणून कोळशाच्या कोठारात नेलं. त्यानंतर शुक्रवारपर्यंत त्याला कुणी पाहिलं नाही.

"मी रोज फाटकाशी गेले, मावशी. म्हणायचे, कामात आहे."

गुरुवारी सकाळी अकराला चौकशी होती. चौकशी अधिकारी दवाखान्याच्याच वरच्या सभागृहात बसणार होता. जखमा शुक्रवारच्याच असल्या तर तो अपघात. तिथे प्रकरण मिटलं, बायको घरी, झडप तशीच. जखमा आधीच्या असल्या तर त्या कुठे झाल्या, हे शोधायचीही गरज नव्हती. माणूस चारही दिवस आत होता, हे कारखान्यानं स्वतःच अंगठे लावून कबूल केलं होतं.

मंगळवारी पट्ट्या तयार झाल्या. सहा साध्या रंगाच्या, सहा लोखंडाच्या. डॉक्टर खाली आला. चांगला माणूस, आवाज न चढवणारा. तेवढाच त्याचा दोष. त्यानं भिंगातून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"हा रंग मी सांगितला नव्हता."

"नाही."

"मग का केलात?"

"बावीस वर्षं करते. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"यावर वाद होऊ शकतो, बाई. आधी कुठेतरी आपटला असेल."

"सहा जागी? पाठीवरच? एकाच दिवशी?"

डॉक्टर भिंतीकडे बघत म्हणाला, "माझी अजून चार वर्षं नोकरी आहे."

"त्याची एकोणीस होती."

डॉक्टर वर गेला. वर जाऊन त्यानं कुणाला तरी फोन केला. हे तिला बुधवारी दुपारी कळलं, जेव्हा दार लाथेनं उघडलं.

दोघं होते. एक जाड्या आणि एक गळ्यात बोटाएवढी साखळी घातलेला. साखळ्यानं आतून कडी लावली. बाहेर शिलाईवाली दारावर मुठी मारायला लागली.

"काचा कुठायत?" साखळ्यानं विचारलं.

"घर चुकलात. चष्म्याचं दुकान बाजारात आहे."

त्यानं तिच्या तोंडात मारली. उलट्या हाताची, अंगठी घातलेली. ओठ दातावर फाटला. जाड्यानं तोवर कपाट पालथं घातलं. पट्ट्यांचे ट्रे जमिनीवर आले आणि तो त्यांवर बुटांनी नाचला. सहा साध्या, सहा निळ्या आणि त्यांच्याबरोबर गावातल्या निम्म्या आजाऱ्यांच्या. चांगलं भिंग त्यानं दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर फेकलं. रंगाच्या बाटल्या फुटल्या, गुलाबी-जांभळा ओघळ नाल्यासारखा मोरीकडे धावला.

"कागद?"

"वर. डॉक्टरकडे. त्यानं अजून लिहिला नाही. भित्रा आहे, तुमच्यासारखाच."

साखळ्यानं तिचा उजवा हात पकडला. "हाच ना गं तुझा कामाचा हात?" त्यानं तिची बोटं सुरीच्या धारेवर दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.

त्या सुरीला ती स्वतः धार लावायची. म्हणून आधी काही कळलंच नाही. नुसता गारवा. मग मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं शेंड्याकडचं पेर खालच्या ट्रेमध्ये पडलेलं दिसलं, आणि मग खांद्यापर्यंत आग गेली. ती गुरासारखी ओरडली. ओरडताना तिनं त्याच्या पंजाला चावा घेतला, दातांत मांस आलं, तेव्हा त्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं.

ती खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोर, तुटक्या काचांमध्ये, मेणाची एक पांढुरकी वडी पडली होती. वर चारशे सतरा नंबर. मधोमध तपकिरी ठिपका, नखाएवढा. बॉयलरवाल्याच्या पाठीचा.

साखळ्यानंही ती पाहिली. उचलली, नाकाशी नेली, अंगठ्यानं चोळून बघितली.

"हे काय? साबण?"

मेणबाईच्या बोटांतून रक्ताची धार चालली होती. कानात शिट्टी वाजत होती. पण आवाज तिनं असा काढला की जणू रोजचं गिऱ्हाईक विचारतंय.

"मेण. सुरी गंजू नये म्हणून लावते."

त्यानं वडी कोपऱ्यात भिरकावली आणि रक्ताळलेला पंजा तिच्या पदराला पुसला. "उद्या वर दिसलीस तर बाकीची आठ." कडी काढली, दारातल्या शिलाईवालीला भिंतीवर ढकललं आणि दोघं जिना चढून गेले.

काच फोडली की पुरावा गेला, असं त्यांना वाटलं. काच म्हणजे नुसता पापुद्रा. माणूस वडीत असतो. एका वडीतून दोनशे पापुद्रे निघतात, हे त्या दोघांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

*

शिलाईवाली आत आली आणि ट्रेमधलं बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"चला, चला वर! शिवतील ते. लवकर गेलं तर जोडतात म्हणे."

"जोडतात," मेणबाई म्हणाली. तिनं कापडाची पट्टी दातांत धरून बोटांभोवती आवळली होती. "बोटाच्या त्या तुकड्यांतल्या पेशींना अजून बातमी लागलेली नाही. त्यांच्या भट्ट्या चालू आहेत. गार ठेवलं तर काही तास तग धरतील."

"मग उठा ना!"

"वर गेले की पोलीस येणार. पंचनामा. खोलीला सील. वडी आत, आपण बाहेर आणि उद्या अकराला डॉक्टर म्हणणार, काचा फुटल्या, मी काही सांगू शकत नाही. सील निघेपर्यंत तुझ्या नवऱ्याचं नाव त्याच्या आईलाही आठवायचं नाही." ती उठली. डाव्या हातानं दोन्ही तुकडे उचलले आणि सवयीनं फॉर्मलिनच्या, मांस मारून टिकवणाऱ्या पाण्याच्या, बरणीत सोडले. भट्ट्या विझल्या. तिनं बरणीवर डाव्या हातानं वेडावाकडा नंबर घातला. चारशे एकतीस. तारीख, वेळही लिहिली.

"शिलाईचं मशीन हातानं चालवलंयस कधी?"

"बारा वर्षं."

"ये मग. चाक तू फिरव."

सुरी पुसली, थोडी सरकवली, न वापरलेली धार समोर आणली. वडी कोपऱ्यातून आणून चिमट्यात बसवली. तिच्यावर साखळ्याच्या अंगठ्याचा ठसा उठला होता, तो पहिल्या पाच फेऱ्यांत उतरला. शिलाईवालीचा हात एकसारखा, न अडखळता चालला. धाग्याची सवय असते तसा. पापुद्र्याला पापुद्रा चिकटून फीत लोंबायला लागली. मेणबाईनं डाव्या हातातल्या कुंचल्यानं ती उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. सुरकुत्या आपोआप पसरल्या.

"हा तोच आहे ना?" शिलाईवालीनं विचारलं. चाक थांबलं नाही.

"पाठीचा."

"मी तेल लावायचे त्या पाठीला."

मेणबाईनं फीत काचपट्टीवर उचलली. लोखंडाचा रंग ऐनवेळीच बनवावा लागतो, दोन पाणी मिसळून; त्यामुळे फुटलेल्या बाटल्यांनी काही अडलं नाही, कपाटात भुकटी होती. चांगलं भिंग गेलं होतं, पण म्हाताऱ्याचं एकडोळ्या भिंग वरच्या फळीवर फडक्यात बांधलेलं होतं. तासाभरानं तिनं पट्टी त्याच्याखाली सरकवली, स्वतः पाहिली आणि बाजूला झाली.

शिलाईवालीनं डोळा लावला. "निळे… किती आहेत हे."

"त्याच्या पेशी आहेत. सोमवारी मार बसला, तेव्हा धावून आल्या. मंगळवारी रक्त गिळत होत्या, बुधवारी गिळत होत्या. जेवढं सांडलं तेवढं उचलत होत्या. त्याला कुणी पाणी दिलं असेल-नसेल, त्यांनी काम सोडलं नाही. आणि ही बघ, मधली लाल. ही ताजी. रोज नवं सांडत होतं."

"म्हणजे मी फाटकाशी उभी होते तेव्हा…"

"जिवंत होता."

शिलाईवाली सरळ झाली. तिनं डोळे पुसले नाहीत. काम झाल्यावर टेबलावर काढून ठेवलेली ती वीतभर लांबीची सुरी उचलली आणि दाराकडे निघाली.

"ठेव खाली," मेणबाई म्हणाली.

"मी त्याचा गळा—"

"ठेव म्हणते ना! धार लावायला मला दोन तास लागतात आणि आता बोटं आठच आहेत."

ती तिथेच थांबली. मग हसली की रडली, सांगता येणार नाही. पण सुरी खाली आली.

*

गुरुवारी अकराला सभागृहात लांब टेबल, पाण्याचे पेले आणि पंखा. एका बाजूला कारखान्याचा व्यवस्थापक आणि त्याच्या मागे साक्षीदार. साक्षीदारांच्या रांगेत, धुतलेला शर्ट, पंजाला पट्टी, साखळी आत सारलेली: सुरक्षारक्षक, ज्यानं बॉयलरवाल्याला जिन्यावरून पडताना 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलं होतं.

डॉक्टरला बोलावलं. तो उभा राहिला तेव्हा दार उघडलं आणि मेणबाई आत आली. ओठ सुजलेला, हात कोपरापर्यंत बांधलेला. मागे शिलाईवाली, कडेवर मूल धरावं तसं एकडोळ्या भिंग धरून.

"हाताला काय झालं?" डॉक्टर पुटपुटला.

"तुमचा फोन लागला," ती म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं भिंगाला डोळा लावला. खूप वेळ. मग टेबलावरचा पाण्याचा पेला पिऊन टाकला, जो अधिकाऱ्याचा होता.

"जखमांचं वय किमान तीन दिवस," त्याचा आवाज फाटला, त्यानं परत पहिल्यापासून सांगितलं. "किमान तीन. बहुधा चार. जिन्यावरून पडून हे होत नाही. आणि मी ते लिहून देतो आहे."

व्यवस्थापक उठला. "ही पट्टी कुठून आली? कुणाच्याही मांसाची असेल!"

"याच्यातून," मेणबाई म्हणाली आणि झोळीतून वडी काढून टेबलावर ठेवली. नंबर वर, तपकिरी ठिपका समोर. मग तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं. "ओळखलास का रे? साबण."

साखळ्या वडीकडे बघत राहिला. त्या ठिपक्याकडे. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. त्यानं तो विजारीला पुसला. परत पुसला. पुसतच राहिला, जणू काही चिकटलंय आणि निघत नाही.

"काय हो," अधिकारी म्हणाला, "तुम्ही ही वडी आधी पाहिलीय का? आणि तुमच्या पंजाला काय झालं?"

"चावलंय," मेणबाई म्हणाली. "दातांचं माप देते. माझी बोटं खाली बरणीत आहेत, नंबर घालून."

साखळ्या खुर्ची पाडून सुटला. दाराकडे शिलाईवाली उभी होती. तिनं अंग बाजूला घेतलं, त्याला वाट दिली आणि तो चौकट पकडून बाहेर झेपावताना दार लोटलं. दाराच्या फटीत त्याची बोटं आली की आणली, हे तिचं तिलाच माहीत. हाड मोडल्याचा आवाज टेबलापर्यंत आला. तो गुडघ्यांवर कोसळला, आणि बाहेरच्या शिपायांनी त्याला तिथेच दाबलं.

एकच गलका झाला. व्यवस्थापक वकिलाच्या नावानं ओरडत होता, अधिकारी लिहीत होता, डॉक्टर खाली मान घालून सही करत होता.

मेणबाई पुढे झाली आणि तिनं त्या मोडलेल्या बोटांकडे वाकून बघितलं. कातडीखाली रक्त सांडायला लागलं होतं. आता आतून पहिल्या पांढऱ्या पेशी निघतील. याच्याही येतील, त्या माणूस बघत नाहीत.

सवयीनं तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चाळीस. "लिहा साहेब," ती अधिकाऱ्याला म्हणाली, "ही आजची आहे."